टेकू वेगळा, मिठी वेगळी



पालघर तालुक्यातल्या एका शाळेच्या गुरुजींनी मध्यंतरी एक प्रश्न विचारला. दिसायला तो अगदी लहान होता. ते म्हणाले, "इंग्रजीच्या तासाला दोन शब्द आले. एक प्रॉप, दुसरा ब्रेस. मुलांनी छोटा कोश उघडला, तर दोन्हीपुढे 'आधार' असंच लिहिलेलं. एक मुलगी उठून म्हणाली, गुरुजी, अर्थ एकच असेल तर शब्द दोन कशाला? आता तिला काय सांगू?"

मुलीचा प्रश्न रास्त आहे. कोणतीही भाषा एका कामासाठी उगाच दोन शब्द पोसत नाही. कामात काही ना काही फरक असतो, म्हणून शब्द निराळे असतात. या दोन शब्दांतला फरक कोणता, तो मराठीत कसा सांगावा आणि तो समजला तर आपला लाभ काय, एवढ्यापुरतेच आज बोलायचे आहे. विषय भाषेचा खरा, पण आपल्या जिल्ह्यात तो केवळ भाषेचा राहत नाही. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत २०१८ सालच्या नोव्हेंबरपासून जमिनीला वारंवार हादरे बसू लागले. ज्या मुलखाने घराच्या भिंतींची थरथर हाताने अनुभवली आहे, तिथे 'आधार कसला?' हा प्रश्न घराघरातला होतो. पण आधी शब्द पाहू, मग घराकडे वळू.

पहिला शब्द प्रॉप. मध्ययुगीन डच भाषेतल्या एका शब्दाशी त्याचे नाते सांगतात आणि त्या शब्दाचा एक अर्थ वेलीला लावलेली काठी असा होता. म्हणजे शब्दाचा जन्मच शेतात झालेला. आपल्याकडे ही गोष्ट कुणाला नवी नाही. केळीचा घड भरत आला की झाड एका अंगाला कलू लागते. बागवाला बेचक्याची एक काठी घेतो, बेचके झाडाच्या मानेखाली बसवतो आणि बुडखा जमिनीत रोवतो. इंग्रज त्याला प्रॉप म्हणेल, आपण टेकू म्हणतो.

किनाऱ्यावर चला. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. या दिवसांत सातपाटीसारख्या गावी होड्या पाण्याबाहेर विसावतात. होडीचा तळ निमुळता, त्यामुळे वाळूवर ती सरळ उभी राहत नाही. मग दोन्ही अंगांना लाकडे लावून तिला उभी ठेवतात. तीही टेकूच.

आता बोईसरला या. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे इथे बांधकाम नेहमी कुठे ना कुठे चालू असते. स्लॅब ओतण्यापूर्वी सेंट्रिंगवाले खाली बल्ल्यांचे किंवा लोखंडी नळ्यांचे रान उभे करतात. त्या लोखंडी नळ्यांना कामगारसुद्धा प्रॉपच म्हणतात. शब्द शाळेत शिकलेला नाही, कामावर शिकलेला आहे! काँक्रीट पुरेसे घट्ट झाले की प्रॉप काढून घेतात आणि ट्रकात भरून दुसऱ्या इमारतीवर नेतात.

या तिन्ही उदाहरणांत तीन गोष्टी समान दिसतील. पहिली, टेकूचे काम खालून किंवा बाजूने रेटा देण्याचे आहे. जो भार खाली येऊ पाहतो, तो अंगावर घेऊन जमिनीला पोचवायचा. दुसरी, टेकू वस्तूला नुसता टेकलेला असतो, तिच्याशी जोडलेला नसतो. वस्तूचा भार त्याच्यावर आहे, म्हणून तो जागेवर आहे. भार उचलला की टेकू मोकळा! आणि तिसरी, टेकू बहुधा वेळेपुरता असतो. घड उतरला, पावसाळा सरला, स्लॅब आवळला की त्याचे काम संपले.

मराठीने हे सारे बरोबर हेरलेले आहे. 'टेकणे' या क्रियापदापासूनच टेकू झाला. वर्तमानपत्रात आपण वाचतो की अमुक पक्षाने सरकारला बाहेरून टेकू दिला. त्यात 'बाहेरून' हा शब्द किती नेमका! तो पक्ष सरकारात सामील नाही, नुसता टेकलेला आहे आणि मनात येईल तेव्हा बाजूला होऊ शकतो. इंग्रजीतही हीच छटा आहे. पडू घातलेल्या गोष्टीला तात्पुरते उभे ठेवायचे असले की तिथे प्रॉप याच शब्दाचे क्रियापद वापरतात. आपल्याकडे 'धिरा' असाही एक जुना शब्द आहे. घराला धिरा देतात आणि माणसाला धीर देतात.

शिक्षक बंधुभगिनींसाठी इथेच एक सावधगिरीची सूचना. नाटकाच्या संदर्भात प्रॉप हा शब्द आला तर त्याचा टेकूशी काही संबंध नाही. रंगमंचावरची छत्री, कंदील, तांब्या अशा वस्तूंना तो शब्द लावतात आणि तो प्रॉपर्टी या शब्दाचा तुटलेला तुकडा आहे. रूप एक, कूळ निराळे. मुलांचा तिथे गोंधळ होतो.

आता दुसरा शब्द, ब्रेस. हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ बाहू. इंग्रजीत आलिंगनाला जो शब्द आहे, तो याच कुळातला. तेव्हा ब्रेस म्हणजे मुळात दोन बाहूंनी धरणे, मिठी मारणे. एवढे ध्यानात आले की या शब्दाची पुढची सगळी नातवंडे ओळखीची वाटू लागतात.

वाकडे दात सरळ करायला दंतवैद्य तारा बसवतात, त्या ब्रेसेस. दात काही खालून उचलायचे नसतात. त्यांना एकमेकांशी बांधून हवे तिकडे वळवायचे असते. गणितात आपण ज्याला महिरपी कंस म्हणतो, त्यालाही इंग्रजीत ब्रेस म्हणतात. संचातले घटक त्या दोन कंसांच्या कवेत असतात. विमान आपत्तीत उतरण्यापूर्वी प्रवाशांना अंग आवळून बसायला सांगतात, त्या बसण्यालाही हेच नाव. आणि वाईट बातमी सांगण्याआधी माणूस म्हणतो, मन घट्ट करा; तिथेही इंग्रजी क्रियापद हेच. घट्ट करणे, आवळणे, जखडणे, डगमगू न देणे हा या शब्दाचा गाभा आहे.

आपल्याकडेही ही कल्पना आहे बरे का! जुन्या देवळांच्या आणि लेण्यांच्या वर्णनात, खांबाच्या माथ्यापासून पुढे येऊन वरच्या तुळईला धरणाऱ्या भागाला 'हस्त' म्हटलेले आढळते. लॅटिनला बाहू दिसला, आपल्याला हात दिसला. खांब आणि तुळई यांना एकमेकांचा हात धरायला लावणारा, तो हस्त.

या दोन्ही शब्दांचा फरक एका वाक्यात सांगायचा तर दवाखान्यात जावे. पाय दुखावलेल्या माणसाला कुबडी देतात. ती शरीराचा भार घेते आणि बाजूला ठेवता येते. ती प्रॉप. गुडघा लचकला तर त्याला पट्ट्यांचा साचा बांधतात. तो भार फारसा घेत नाही, पण गुडघा वेडावाकडा वळू देत नाही. तो ब्रेस. कुबडी पडू देत नाही, पट्टा हलू देत नाही. आधार दोन्ही देतात, पण कुबडीने पट्ट्याचे काम होत नाही आणि पट्ट्याने कुबडीचे.

गुरुजींनो, हा फरक फळ्यावर सांगू नका, तो मुलांच्या हातात द्या. खर्च काही नाही. जाड पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या कापा. चारही कोपऱ्यांत एकेक टाचणी किंवा खिळा घालून चौकोनी चौकट करा. ही आपल्या घराची चौकट समजा. दोन उभ्या पट्ट्या म्हणजे खांब, वरची तुळई आणि खालची जमीन. आता वरच्या पट्टीला बोटाने बाजूला ढकला. चौकट लगेच कलते आणि तिचा तिरपा समांतरभुज चौकोन होतो. पट्टी एकही तुटली नाही, खिळा एकही निघाला नाही, तरी घर आडवे झाले.

आता वरच्या पट्टीच्या मधोमध एक उभी काडी टेकवून ठेवा आणि पुन्हा ढकला. चौकट पुन्हा कलेल आणि काडी घरंगळून पडेल. हा प्रॉप. वरून दाबले असते तर त्याने इमानाने भार घेतला असता, पण बाजूच्या ढकलण्यापुढे तो काही करू शकला नाही. शेवटी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी पट्टी लावा आणि दोन्ही टोकांना खिळे मारा. आता ढकलून पाहा. चौकट जागची हलणार नाही. ही तिरकी पट्टी म्हणजे ब्रेस.

असे का होते, हे मुलांना भूमितीत आधीच शिकवलेले असते. त्यांना ते ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नसते एवढेच. त्रिकोणांच्या एकरूपतेची बाबाबा कसोटी आठवा. तीन बाजूंच्या लांब्या ठरल्या की त्रिकोणाचा आकार ठरला, तो बदलू शकत नाही. चौकोनाचे तसे नाही. चार बाजू ठरूनही तो हवा तसा कलतो. आपण कर्ण टाकला आणि एका डळमळीत चौकोनाचे दोन ठाम त्रिकोण केले. जी कसोटी मुले परीक्षेपुरती पाठ करतात, तिच्यावर पूल, मनोरे आणि कारखान्यांचे सांगाडे उभे आहेत. तारापूर वसाहतीतल्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये डोकावून पाहा. दोन लोखंडी खांबांच्या मध्ये सळयांची मोठी फुली दिसेल. विजेच्या उंच वाहिन्यांचे मनोरे पाहा, त्रिकोणांखेरीज त्यात दुसरे काही नाही.

फुली का? हेही मुलांना विचारावे. पट्टीऐवजी कर्णावर दोरा बांधला तर काय होते? एका बाजूने ढकलले की दोरा ताणला जातो आणि चौकट थांबते. उलट बाजूने ढकलले की दोरा सैल पडतो आणि चौकट कलते. दोरा ओढ सहन करतो, दाब नाही. म्हणून दोन्ही कर्णांवर दोन दोरे हवेत. कोणत्याही बाजूने ढकला, एक ना एक ताणलेला राहतो. बारीक सळयांची फुली याच कारणाने असते. जाड आणि ताठ दांडा मात्र दोन्ही टोकांना पक्का जोडला तर ओढही सोसतो आणि दाबही. इथे पुन्हा दोन शब्दांचा फरक दिसतो. टेकूला फक्त दाब कळतो. ब्रेसला दाब आणि ओढ दोन्ही कळावे लागतात, म्हणून तो जोडलेलाच असावा लागतो.

आता घराकडे वळू. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या आसपास जे धक्के सुरू झाले, त्यांना शास्त्रज्ञ भूकंपांचा थवा म्हणतात. एक मोठा धक्का आणि त्यामागे लहान, असा हा प्रकार नसतो. लहानमोठे धक्के एकामागून एक, कधी दिवसात कित्येक, महिनोनमहिने येत राहतात. १ फेब्रुवारी २०१९ या दिवशी अनेक धक्के बसले आणि त्यांतल्या मोठ्याची तीव्रता ४ च्या किंचित वर होती. त्या दिवशीच्या पळापळीत एक चिमुरडी दगावली. घरात झोपायची भीती वाटून माणसांनी लेकराबाळांसह थंडीच्या रात्री अंगणात आणि तंबूत काढल्या. हे सगळे आपल्यापैकी अनेकांनी स्वतः भोगलेले आहे, मी नव्याने काय सांगावे?

भूकंपात घराला नेमके काय होते, ते मात्र सांगायला हवे. घर रोज एकच ओझे वाहते, ते म्हणजे स्वतःचे वजन. ते सरळ खाली जाते आणि त्यासाठी खांब आणि भिंती पुरेशा असतात. भूकंपात जमीन मुख्यतः आडवी, मागेपुढे सरकते. एसटी एकदम निघाली की उभा माणूस मागे कोलमडतो ना? त्याचे पाय गाडीबरोबर पुढे जातात आणि धड मागे राहते. घराचेही तसेच. पाया जमिनीबरोबर सरकतो, छप्पर मागे राहू पाहते. छप्पर जितके जड, तितका हिसका मोठा. लगेच जमीन उलटी फिरते आणि हिसकाही उलटा बसतो. एसटीतला जाणता प्रवासी काय करतो? पाय फाकून उभा राहतो आणि वरचा दांडा घट्ट धरतो. पाय फाकले की त्रिकोण होतो आणि दांडा धरला की जोड होतो. नकळत तो स्वतःला ब्रेस करतो!

अशा वेळी टेकूचे काय होते? भिंत कलली म्हणून आपण बाहेरून तिला लाकडाचा तिरपा टेकू दिलेला असतो. भिंत बाहेर येऊ लागली तर टेकू रेटून धरतो. पण उलट्या हिसक्याला भिंत क्षणभर आत जाते, टेकूवरचा भार सुटतो आणि टेकू मोकळा होतो. त्याची पाचर सरकते, बुडखा घसरतो. भिंत परत बाहेर येते तेव्हा टेकू जागेवर नसतो. मोठ्या धक्क्याची तर गोष्टच सोडा, लहान धक्क्यांच्या थव्यातही हे घडते. प्रत्येक धक्क्याने पाचर केसभर ढिली होते. आठ दिवसांनी टेकू उभा दिसतो, पण हाताने हलवला तर हलतो.

याचा अर्थ टेकू निरुपयोगी, असे कुणी समजू नये. कललेल्या भिंतीला किंवा वाकलेल्या तुळईला तातडीने टेकू द्यावाच लागतो. सामान बाहेर काढायला आणि अभियंता येईपर्यंत वेळ मिळवायला तोच कामी येतो. चूक होते ती पुढे. टेकू लावला, महिना गेला, पावसाळा गेला आणि घरच्यांना वाटू लागले की घराला आधार मिळाला. आधार मिळाला खरा, पण तो पडत्या वजनाला, हलत्या घराला नव्हे.

आपल्या भागातले जुने घर या बाबतीत काय सांगते, तेही पाहण्यासारखे आहे. वारली आणि इतर आदिवासी समाजांची कुडाची घरे आपण पाहिली आहेत. लाकडी मेढी जमिनीत खोल रोवलेल्या, त्यांच्या बेचक्यात आडे ठेवलेले, वर वासे, आणि भिंती कारवीच्या, वरून शेणमातीने लिंपलेल्या. हे घर हलके असते, म्हणून हिसका कमी बसतो. कूड पडला तरी विटांच्या भिंतीसारखा जीव घेत नाही. मेढ जमिनीत रोवलेली असल्याने तिचा पाय जमिनीने धरून ठेवलेला असतो, ही तिची मोठी ताकद. पण दोन ठिकाणी लक्ष हवे. मेढीचे बूड वाळवीने किंवा ओलीने कुजले की जमिनीची ती पकड गेली; मेढ उरली ती नुसती टेकू म्हणून. आणि आडे बेचक्यात नुसते ठेवलेले असेल तर तेही टेकलेलेच. तिथे ते बेचक्याशी घट्ट बांधले पाहिजे आणि कोपऱ्यात मेढ आणि आडे यांच्यामध्ये तिरका दांडा जोडला पाहिजे.

गोष्ट अवघड होते ती अर्ध्या बदललेल्या घरात. कारवी काढून विटांच्या किंवा दगडांच्या भिंती आल्या, पण त्या मातीत रचलेल्या. वर कौलांचा भार आला आणि जुना लाकडी सांगाडा तसाच राहिला. वजन वाढले, मिठी मात्र वाढली नाही.

वजन आणि मिठी यांचा मेळ बिघडला की काय होते, ते महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला पाहिले. तिथल्या घरांच्या भिंती दगडमातीच्या आणि चांगल्या जाड होत्या. वर माळवदाच्या मातीचे जड थर होते. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, असे कुणालाही वाटेल. पण ती भिंत आतून दोन पदरांची होती. आतला पदर निराळा, बाहेरचा निराळा आणि मध्ये भरताड. दोन्ही पदरांना एकमेकांशी बांधणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसताच पदर सुटले आणि वरची माती खाली आली. त्या पहाटे सुमारे १०,००० माणसे गेली. पुढे घरांच्या मजबुतीसाठी जी मार्गदर्शिका निघाली, तिच्यात माळवदाची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड घालणे आणि लाकडी खांब व तुळई यांच्या जोडावर तिरके दांडे बसवणे हे उपाय होते. पहिला उपाय वजन उतरवण्याचा. बाकीचे दोन्ही मिठीचे. त्यांत कुठेही 'भिंत आणखी जाड करा' असे नव्हते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९९३ साली किल्लारीचा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आपला भाग २००२ आणि २०१६ च्या भारतीय मानकांत तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला आहे.

ही शहाणीव जगाला फार जुनी आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालचे लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. शहर पुन्हा बांधताना तिथल्या लोकांनी भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा घातला. उभे-आडवे दांडे आणि प्रत्येक चौकटीत तिरक्या दांड्यांची फुली. काश्मीरमध्येही 'धज्जी देवारी' नावाची जुनी पद्धत आहे. लाकडाच्या लहान लहान चौकटी, त्यांत तिरके दांडे आणि मधल्या जागेत दगडमाती. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात अशी बरीच घरे तग धरून राहिली. लिस्बनच्या आणि काश्मीरच्या सुतारांनी एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते, पण त्रिकोण दोघांनाही सापडला.

आता घरी करता येण्याजोग्या काही साध्या गोष्टी सांगतो. आपल्या घरातल्या प्रत्येक आधारापुढे उभे राहून दोन प्रश्न विचारा. पहिला, हा नुसता टेकलेला आहे की दोन्ही टोकांना जोडलेला आहे? दुसरा, हा फक्त उभ्या वजनासाठी आहे की आडव्या हिसक्यासाठीही आहे? लाकडी सांगाड्याचे घर असेल तर खांब आणि तुळईच्या कोपऱ्यांत तिरके दांडे आहेत का ते पाहा. ते लांबीच्या बाजूने आणि रुंदीच्या बाजूनेही हवेत, कारण हिसका कुठून येईल ते आधी कळत नाही. जोड खिळ्यांपेक्षा लोखंडी पट्टी आणि नट-बोल्टाने केलेला बरा. नट-बोल्ट धक्क्यांनंतर तपासून पुन्हा आवळावे. माळ्यावरचे अनावश्यक ओझे खाली उतरवावे. विटांचे नवे घर बांधत असाल तर दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या पातळीवर घराच्या चारी भिंतींवरून सलग जाणारा लोखंडी सळयांचा काँक्रीट पट्टा गवंड्याकडून घालून घ्यावा. घराच्या कमरेला बांधलेला शेलाच तो! चारही भिंतींना एका मिठीत धरतो. मात्र तो कोपऱ्यात कुठेही तुटता कामा नये. मिठीतला एक हात सुटला तर ती मिठी कसली? आणि भिंतीला मोठी चीर गेली असेल तर स्वतःच्या अंदाजावर न विसंबता जाणत्या अभियंत्याला दाखवावी. रेडिओवरचे भाषण ऐकून घराची परीक्षा होत नाही.

इतके ऐकल्यावर त्या मुलीच्या प्रश्नाचे महत्त्व पटेल. भूकंपानंतरच्या सूचना पुष्कळदा आधी इंग्रजीत लिहिल्या जातात आणि मग त्यांचे मराठी होते. समजा, एका पत्रकात लिहिले आहे की कललेल्या भिंतीला प्रॉप द्या आणि सांगाडा ब्रेस करा. भाषांतर करणाऱ्याने कोश पाहून दोन्ही ठिकाणी 'आधार द्या' असे लिहिले. वाचणारा शेतकरी काय करील? तो भिंतीला टेकू देईल, दोन्ही सूचना पाळल्या असे समजेल आणि रात्री निर्धास्त झोपेल. चूक त्याची नाही. दोन कामे एका शब्दात गुंडाळली गेली, त्यातले एक काम हरवले आणि नेमके तेच जीव वाचवणारे होते.

म्हणून शिक्षकांना विनंती अशी, की 'आधार' हा शब्द मोठ्या टोपलीसारखा वापरावा, त्यात सगळे मावते. पण नेमके सांगायचे असेल तेव्हा टोपलीतून योग्य शब्द काढावा. प्रॉपसाठी टेकू किंवा धिरा. ब्रेससाठी संदर्भ पाहून तिरका जोड, बांधणी, जखडणे, आवळणे. मुलांकडून वाक्येही अशी करून घ्यावीत, की शब्द बदलला तर वाक्य बिघडेल. 'बाबांनी केळीला टेकू दिला' हे बरोबर. 'बाबांनी केळी जखडली' म्हटले तर मुले हसतील. 'सुताराने दाराची चौकट तिरक्या फळीने जखडली' हे बरोबर. 'चौकटीला टेकू दिला' म्हटले तर कुणीतरी हुशार मूल विचारील, मग ती हलणार नाही कशावरून? ते मूल शब्दही शिकले आणि सुतारकीही.

मुलांना एक गृहपाठ जरूर द्यावा. घरी, शेतावर, बंदरावर, स्थानकावर जिथे जिथे आधार दिसेल तिथे थांबायचे आणि वहीत दोन रकाने करायचे. एकात टेकलेले आधार, दुसऱ्यात जोडलेले. उभ्या बैलगाडीच्या जुवाखालचा दांडका कोणत्या रकान्यात? मांडवाच्या कोपऱ्यातला तिरका बांबू कोणत्या? विजेच्या खांबाला जमिनीपर्यंत ओढलेली तार कोणत्या? या तारेवर वर्गात वाद होईल. ती जोडलेली आहे, पण फक्त ओढ सोसते आणि इंग्रजीत तिला तिसरेच नाव आहे. होऊ द्या वाद. वादातून पाहणे शिकता येते.

आणि वही घेऊन मूल घरी गेले की त्याची नजर आपसूक आपल्याच घराच्या खांबांकडे जाईल. ते आजोबांना विचारील, "आजोबा, हे आडं नुसतं ठेवलंय की बांधलंय?" आजोबा वर पाहतील. कदाचित बऱ्याच वर्षांनी पाहतील. बेचक्यातला काथ्या कुजलेला दिसला तर दुसऱ्या दिवशी नवा दोर येईल, तिरका दांडा येईल. इंग्रजीच्या तासाला विचारलेला प्रश्न अशा रीतीने घराच्या आढ्यापर्यंत पोचला, तर त्या गुरुजींच्या तासाचे चीज झाले असे मी म्हणेन.